भूमीखालचे ऋण

चोरलेली गाय गोठ्यात बांधून ठेवायची आणि चोरीच्या पापाची क्षमा मागायची, हे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही, ही शिकवण आपल्या आजी-आजोबांना धर्मशिक्षणाच्या वर्गातच मिळाली होती. पापनिवेदनात क्षमा मिळते. परंतु गाय ज्याची त्याला परत करावीच लागते. गाय मेली असेल तर तिची किंमत द्यावी लागते. मालक मरण पावला असेल तर ती त्याच्या वारसांच्या हाती सोपवावी लागते. येथवर सारे स्पष्ट आहे. परंतु जे बिघडवले ते गाय नसून जमीन असेल, जमिनीच्या पोटातले पाणी असेल. बिघडवणारा मनुष्य पन्नास वर्षांपूर्वी निवर्तला असेल. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ते ठाऊकही नसेल, तर? परतफेड कोणी करावी, कोणाला करावी आणि कोठवर करावी? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. तो अधांतरी राहू नये म्हणून एका खऱ्या वस्तीची हकिकत आधाराला घेतो.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात ग्रीनपॉइंट नावाची वस्ती आहे. पोलंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती आपलीशी केली. संत स्तानिस्लाव कोस्तका यांच्या नावाचे त्यांचे चर्च आजही तेथे उभे आहे. या वस्तीच्या कडेने न्यूटाउन क्रीक नावाची चिंचोळी खाडी वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खाडीच्या दोन्ही काठांवर खनिज तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांची दाटी झाली. पुढे त्यांतील बरेचसे स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीने आपल्या छत्राखाली घेतले. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कंपनीचे तुकडे झाले. ग्रीनपॉइंटचा कारखाना ज्या तुकड्याकडे गेला, तोच पुढे मोबिल या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६६ साली तेलशुद्धी थांबली. तेलाच्या टाक्या मात्र राहिल्या. १९९९ साली एक्सॉन आणि मोबिल या दोन कंपन्या एक झाल्या. मालकांची नावे अशी पालटत गेली, जमीन तीच राहिली.

या साऱ्या काळात टाक्यांतून, नळांतून, सांध्यांतून पेट्रोल, नॅफ्था व इंधन तेल थेंबाथेंबाने जमिनीत मुरत होते. ५ ऑक्टोबर १९५० रोजी ग्रीनपॉइंटच्या रस्त्याखालच्या गटारात साचलेल्या वाफांचा स्फोट झाला आणि गटारांची जड लोखंडी झाकणे हवेत उडाली. भूमीने इतक्या मोठ्याने हाक मारली. पण त्या हाकेमागचे कारण मुळापर्यंत शोधण्यात आले नाही. १९७८ च्या सप्टेंबरात गस्तीवर असलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून खाडीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तेव्हा कोठे चौकशी झाली. १९७९ च्या पाहणीचा अंदाज असा होता की सुमारे ५० एकर वस्तीच्या व कारखान्यांच्या खाली १ कोटी ७० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ६ कोटी ४० लाख लिटर तेल साचले आहे. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याशी एक्सॉन व्हाल्डीझ हे जहाज फुटले तेव्हा साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली. त्या जहाजातून सांडलेले तेल सुमारे १ कोटी १० लाख गॅलन होते. ग्रीनपॉइंटचे तेल त्याहून अधिक. पण ते घरांखाली होते, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी हळहळ वाटत नाही.

जमिनीत मुरलेल्या पेट्रोलचे काय होते, हे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण नीतीचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. पेट्रोल पाण्याहून हलके असते. मातीतून खाली झिरपत ते भूजलाच्या पातळीवर पोहोचते आणि तेथे तवंगासारखे पसरते. वाटेत मातीच्या कणाकणाला ते चिकटून राहते. त्याचा काही अंश वाफ होऊन वर येतो आणि घरांच्या तळघरांत शिरू शकतो. काही अंश पाण्यात विरघळतो. विरघळणाऱ्या द्रव्यांत बेंझिन हे सर्वांत घातक. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग, यापेक्षा अधिक बेंझिन असू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझिन आहे, त्याच्या एका लिटरात ते ८ ग्रॅमहून अधिक भरते. वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. १ लिटर पेट्रोलमधले सारे बेंझिन पाण्यात उतरले, तर ८ लाख लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपलीकडे जाईल. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते साधारण १ लाख लिटर भरते. म्हणजे एका बाटलीभर पेट्रोलला अशा आठ विहिरी पुरत नाहीत.

हे तेल बाहेर काढायचे तर विहिरीच खणाव्या लागतात. एका विहिरीत दोन पंप सोडतात. खालचा पंप पाणी उपसतो, त्यामुळे भोवतालच्या पाण्याची पातळी विहिरीकडे उतरती होते आणि वर तरंगणारे तेल त्या उतारावरून विहिरीत जमते. वरचा पंप ते तेल खेचून घेतो. उपसलेले पाणी शुद्ध करूनच सोडावे लागते. मातीत अडकलेली वाफ हवा खेचून काढतात. ग्रीनपॉइंटमध्ये अशा रीतीने १ कोटी २० लाख गॅलनहून अधिक तेल बाहेर काढण्यात आले. त्याला चाळीस वर्षांवर काळ लागला, आणि तरीही मातीच्या बारीक छिद्रांत अडकलेला अंश मागे राहतोच. सांडायला क्षण पुरतो, भरून काढायला पिढी अपुरी पडते.

आता प्रश्नाकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. ज्यांनी तेल सांडले ते गेले. त्यांच्या काळी तसे करण्यास मनाई करणारा कायदा नव्हता, आणि परिणामांची पुरती जाणीवही नव्हती. मग आजच्या मालकाने, आजच्या कामगाराने, आजच्या भागधारकाने त्याचा भार का वाहावा? यहेज्केल संदेष्ट्यानेच तर बजावले आहे की बापाच्या अपराधाची शिक्षा मुलाला नाही.

आम्हांस वाटते, या ठिकाणी दोन गोष्टींची गल्लत होते. दोष वेगळा आणि दायित्व वेगळे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात परतफेडीच्या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला आहे. परतफेडीचे बंधन दोन मुळांतून उगवते, असे ते दाखवतात. एक मूळ घेण्याच्या कृतीत आहे: कोणी अन्यायाने घेतले, म्हणून त्याने परत द्यावे. दुसरे मूळ घेतलेल्या वस्तूतच आहे: दुसऱ्याची वस्तू जोवर आपल्याजवळ आहे तोवर ती परत करण्यास आपण बांधलेले आहोत, मग ती आपल्याकडे कशीही आलेली असो. चोराच्या मुलाने चोरी केलेली नसते. त्याला पापनिवेदनात ते पाप सांगावे लागत नाही. पण गाय त्याच्या गोठ्यात आहे, आणि ती कोणाची हे त्याला कळले आहे, तर तिचे दूध तो निर्धास्तपणे पिऊ शकत नाही. यहेज्केलने मुलाला बापाच्या पापातून मोकळे केले. बापाने बळकावलेल्या गायीचा मालक केले नाही.

कंपनी नावाची संस्था तर याच तत्त्वावर चालते. माणसे मरतात, कंपनी राहते. जमीन, टाक्या, नाव, बाजारातील पत, साठवलेला नफा, हे सारे ती आधीच्या पिढीकडून हक्काने घेते. मग त्याच पिढीने जमिनीत टाकलेले तेल तेवढे परके कसे? वारसा घेताना दागिन्यांची पेटी उचलावी आणि कर्जाचे कागद उंबऱ्याबाहेर ठेवावेत, हे आपल्या गावात कोणी केले तर आपण त्याला काय म्हणतो, ते वाचकांस ठाऊक आहे. अज्ञानाने दोष हलका होतो, क्वचित नाहीसाही होतो. पण ज्ञान झाल्या दिवसापासून दायित्व सुरू होते. म्हणून ग्रीनपॉइंटच्या कहाणीत आम्हांस १९००च्या आधीची वर्षे तितकी अस्वस्थ करीत नाहीत जितकी १९५० नंतरची करतात. स्फोट झाला होता. विचारायला हवे होते.

ख्रिस्तसभेनेही हा भेद स्वतःला लावून घेतला आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतशतकांत केलेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली. ते अपराध त्यांनी स्वतः केले नव्हते. तरीही ज्या घराचे मोठेपण आपण मिरवतो, त्या घराचे देणेही आपलेच, हे त्यांनी जगासमोर मान्य केले. जे पीठासनाला कमीपणाचे वाटले नाही, ते एखाद्या कंपनीला, ग्रामपंचायतीला वा कुटुंबाला का वाटावे?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ब्रुकलिनचे लोक आपल्या पायाखालचे पाणी पीत नाहीत; त्यांचे पाणी दूरच्या डोंगरांतील जलाशयांतून येते. जे पाणी कोणी पीत नाही ते बिघडले तर अन्याय कोणावर झाला? परतफेड कोणाच्या हाती द्यायची?

याचे एक उत्तर शेजाऱ्यांच्या घरांतच मिळते: वाफ भिंत पाहून थांबत नाही. पण आम्हांस दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. पृथ्वीवरील संपत्ती देवाने सर्वांसाठी दिली, ही आपली जुनी शिकवण आहे. आणि 'सर्व' या शब्दात अद्याप जन्माला न आलेलेही येतात. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लौदातो सी' या परिपत्रकात पुढच्या पिढ्यांशी न्यायाने वागण्याचा विषय सविस्तर मांडला, तो याच अर्थाने. आज न पिण्याचे पाणी उद्या दुष्काळात पिण्याचे होऊ शकते. भूजल ही गुप्त ठेव आहे. ठेवीचा मालक अजून वयात आलेला नाही, म्हणून तिजोरीत हात घालण्याची मुभा मिळत नाही. उलट अज्ञान बालकाच्या ठेवीचा विश्वस्त अधिक जपून वागतो, कारण ते बालक आज तक्रार करू शकत नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या भाषेत येतो, म्हणून त्याची अधिक चिकित्सा केली पाहिजे. मातीत असे सूक्ष्म जंतू असतात की जे पेट्रोलमधील द्रव्ये खाऊन पचवतात. प्राणवायू पुरेसा मिळाला तर ते बेंझिनचाही फडशा पाडतात. मग देवाने सृष्टीतच स्वच्छतेची सोय केली आहे, तर माणसाने कोट्यवधी रुपये कशाला ओतावेत? देव पाहून घेईल.

सृष्टीची ही शक्ती खरी आहे आणि ती पाहून मन कृतज्ञ होते. शास्त्रज्ञही काही ठिकाणी तिच्यावर विसंबतात. परंतु ते कोणत्या अटींवर विसंबतात ते पाहा. आधी गळती बंद झाली पाहिजे. तरंगणारे तेल शक्य तितके उपसले पाहिजे. मग ठिकठिकाणी तपासणीच्या विहिरी खणून, वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेऊन, बिघाड खरोखर ओसरतो आहे की पुढे सरकतो आहे हे पाहत राहिले पाहिजे. ओसरत नसेल तर पुन्हा हाती पंप घेतला पाहिजे. याला वाट पाहणे म्हणतात. दार ओढून घेऊन निघून जाणे आणि वाट पाहणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे आजाऱ्याच्या उशाशी बसण्यात आणि त्याला धर्मशाळेच्या ओट्यावर टाकून येण्यात. देवाची कृपा निसर्गाच्या साहाय्याने काम करते, त्याला रजा देत नाही. 'देव पाहून घेईल' असे म्हणण्याचा अधिकार जो स्वतः पाहत राहिला आहे त्यालाच आहे.

आता शेवटचा प्रश्न: कोठवर? मातीचा कण न् कण धुऊन पूर्ववत करणे माणसाच्या हाती नाही. मग परतफेड कधी पुरी झाली म्हणायचे? जेथे तंतोतंत परतफेड अशक्य असते तेथे शक्य तितकी करावी, ही संत थॉमस यांचीच शिकवण आहे. ती कमकुवत सवलत नाही. 'शक्य तितकी' हा शब्द फार मागणारा आहे, कारण आपल्याला काय शक्य आहे हे आपल्याला आणि देवालाच ठाऊक असते. जक्कयाने प्रभू येशूला घरी बसवून मेजवानी दिली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे त्याने उभे राहून कबूल केले. दान आणि परतफेड त्याने वेगळी मोजली, हे आपल्या ध्यानात येत नाही.

ग्रीनपॉइंटमध्ये हा भेद न्यायालयाच्या मार्गाने करावा लागला. २००२ साली रिव्हरकीपर या संस्थेच्या माणसांना खाडीत तेल अजून झिरपताना दिसले. २००४ साली त्या संस्थेने व रहिवाशांनी दावा लावला; २००७ साली राज्याच्या महाधिवक्त्यांनीही लावला. २०१० साली तडजोड झाली. कंपनीने अडीच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांतील मोठा भाग वस्तीच्या पर्यावरणीय कामांसाठी होता. पण त्याबरोबरच जमिनीखालची सफाई पुढे चालू ठेवण्याचे बंधनही तिच्यावर राहिले. हे दोन्ही एकत्र आले, म्हणूनच त्या तडजोडीला काही नैतिक वजन आहे. झाडे लावल्याने मुळाखालचे तेल निघत नाही.

आपल्या देशातील एक उदाहरणही येथे सांगितले पाहिजे, जरी ते पेट्रोलचे नसून रसायनांचे आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रसायनांच्या कारखान्यांनी टाकलेल्या मळीमुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'बिघडवील त्याने भरावे' हे तत्त्व लावून सफाईचा खर्च कारखानदारांवर टाकला. त्यानंतर अर्जामागून अर्ज होत राहिले. २०११ साली न्यायालयाला व्याजासह रक्कम भरण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे निकाल कागदावर होता आणि विष विहिरीत होते. कायदा दायित्व सांगू शकतो. ते अंगावर घेण्यासाठी सदसद्विवेकबुद्धी लागते.

आणि जेथे दोषी सापडतच नाही तेथे? अमेरिकेने १९८६ साली जमिनीतील गळक्या टाक्यांसाठी एक निधी उभारला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलन इंधनामागे एका सेंटचा दहावा भाग त्यात जमा होतो. ज्या टाकीचा धनी सापडत नाही किंवा दिवाळखोर झाला आहे, तिच्याखालची जमीन या पैशातून साफ करता येते. रक्कम क्षुल्लक, पण तीमागचा विचार न्यायाचा आहे: पेट्रोलवर ज्याची गाडी धावते, त्याचा या सांडलवंडीशी काहीच संबंध नाही असे नाही. इसहाकाची कथा आपण ऐकली आहे. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. बुजवणारे येतील आणि उपसून देतील, म्हणून तो बसून राहिला नाही. त्याने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. दोषी कोण हे ठरवणे आवश्यक आहे. पण ते ठरेपर्यंत पाणी थांबत नाही.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, हे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार, आम्हां धर्मग्रामातील साध्या माणसांना त्याचे काय? आम्हांस वाटते, पुष्कळ आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वाडीत विहीर आहे, किंवा होती. कोणाचे गॅरेज आहे, कोणाचा टेंपो, कोणाचा डिझेलवर चालणारा पंप. गाडीचे ऑइल बदलल्यावर काळे झालेले तेल कोठे ओततो? डिझेलच्या पिंपाखाली जमीन काळी पडली आहे काय? वडिलोपार्जित जागा कारखान्याला भाड्याने दिली असेल, तर भाडे मोजून घेताना भाडेकरू मागील बाजूस काय पुरतो आहे ते पाहिले काय? जागा विकताना तिच्यातला बिघाड ठाऊक असून झाकला काय? ही पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणात विचारण्याची साधी, रोखठोक विचारणा आहे. 'चोरी करू नकोस' या आज्ञेखाली ती येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आमच्या पदाला प्राप्त आहे. चर्चच्या सणाला दिलेली मोठी देणगी, वेदीसाठी दिलेली संगमरवरी फरशी, यांनी शेजाऱ्याच्या बिघडलेल्या विहिरीची परतफेड होत नाही. देणगी देवळात येते, देणे विहिरीशी उरते. आम्ही धर्मगुरूंनी असे दान स्वीकारण्यापूर्वी, देणाऱ्याचे कोणाशी काही बाकी आहे काय, हे प्रेमाने पण निश्चयाने विचारले पाहिजे. न विचारता घेतले, तर गोठ्यातल्या त्या गायीच्या दुधाचा वाटा आम्हीही घेतला असे होईल.

सफाईचे काम कंटाळवाणे असते. त्यात उद्घाटन नसते, फीत कापणे नसते, आणि ते पुरे झाल्याचा दिवसही बहुधा उजाडत नाही. ज्याने सुरुवात केली त्याला शेवट दिसत नाही. पण आपल्या वाडवडिलांनी ज्या विहिरी खणल्या, त्यांचे पाणी त्यांनी आपल्यासाठीच ठेवले होते; आपला आणि त्यांचा परिचयही नव्हता. आपल्यानंतर येणाऱ्या अपरिचितांना ते पाणी तसेच पोहोचावे, एवढे देणे आपल्या शिरावर आहे. ते फेडण्याची सुबुद्धी आणि चिकाटी प्रभू आपणां सर्वांना देवो.